बक्षीस एका ओळीत, काम पानभर

धुळ्याच्या एका तरुण प्राध्यापिकेनं प्रश्न विचारला आहे. जनसंवाद आणि पत्रकारिता शिकवणाऱ्या महाविद्यालयात त्या दोन वर्षांपूर्वी रुजू झाल्या. जानेवारी ते मार्च या काळातल्या बातम्या आणि मुलांनी मिळवलेलं यश यांचं ८ पानी वार्तापत्र काढायची जबाबदारी त्यांच्यावर आली आहे. सगळ्यांकडून मजकूर मागवला तर ३१ बातम्या जमल्या, आणि सगळ्या एकाच साच्यातल्या. मागचे दोन अंक ग्रंथालयात गठ्ठा बांधून पडले आहेत. ज्यांची नावं छापली त्या मुलांनीही ते उघडले नाहीत. काय घ्यायचं, कसं लिहायचं, आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या अंकाची भाषा कशी ठेवायची, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, तुम्ही पाठवलेल्या ३१ बातम्या मी दोनदा वाचल्या. एका वर्तमानपत्राच्या जळगाव आवृत्तीच्या डेस्कवर माझी २२ वर्षं गेली आणि कॉलेजांच्या प्रेसनोट रोज संध्याकाळी माझ्याच टेबलावर यायच्या. नंतर अभ्यागत अध्यापक म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शिकवलं. त्यामुळे हा मजकूर कुठून आला ते पहिल्या पानावरच कळलं. तो ‘नॅक’च्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या फाइलसाठी लिहिलेला आहे. फाइलला तारीख लागते, उपस्थितांचा आकडा लागतो, पाहुण्यांचं पद लागतं, जिओ-टॅग केलेला फोटो लागतो. ते सगळं जपून ठेवा, त्यात हयगय नको. महाविद्यालयाचं मूल्यांकन त्या कागदांवर होतं. मात्र तोच कागद उचलून वार्तापत्रात लावला की तो कोणाशीच बोलत नाही. फाइल समितीसाठी आहे. वार्तापत्र कोणासाठी आहे, ते आधी ठरवा.

माझ्या डोळ्यांसमोर तुमचे वाचक असे येतात. शिंदखेड्याच्या किंवा तळोद्याच्या घरात बसलेले आई-बाप, ज्यांना आपली पोर कॉलेजात नेमकं काय शिकते हे अजून उमगलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला आणि आता नाशिकला रात्रपाळी करणारा तुमचाच विद्यार्थी. मे-जूनमध्ये प्रवेशाचा विचार करणारी, बारावी झालेली मुलगी. आणि तालुक्याचा वार्ताहर, ज्याला रोज पान भरायचं असतं आणि चांगली बातमी मिळाली तर तो आनंदानं लावतो. या चौघांपैकी एकाच्याही उपयोगाची नसलेली बातमी अंकात घेऊ नका.

आता तुमच्याच ३१ मधली एक घेतो. ‘जागतिक रेडिओ दिन उत्साहात संपन्न’ असा मथळा आहे. खाली मजकूर: १३ फेब्रुवारी रोजी महाविद्यालयात जागतिक रेडिओ दिन उत्साहात साजरा करण्यात आला, अध्यक्षस्थानी अमुक होते, प्रमुख पाहुण्यांनी रेडिओचे महत्त्व विशद केले, विद्यार्थ्यांनी बातमीपत्र सादर केले, सूत्रसंचालन तमुक यांनी तर आभार प्रदर्शन फलाण्यांनी केले, कार्यक्रमास विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते. यात फक्त एका वाक्यात मुलं आहेत. फोनवर बोलताना मी तुम्हाला विचारलं होतं, बातमीपत्र कसलं होतं? तेव्हा तुम्ही सहज सांगितलं की ते अहिराणीत होतं आणि अर्थसंकल्पाची बातमी लिहिताना मुलं ‘वित्तीय तूट’ या शब्दावर अडली. अर्धा तास भांडली. एकानं सरळ मराठी शब्दच ठेवू म्हटलं, दुसऱ्यानं ‘तोटा’ सुचवला, तिसरीनं सांगितलं की तोटा धंद्यात होतो, हे वेगळं आहे. शेवटी साक्री तालुक्यातली मुलगी म्हणाली, ‘पैसा येस कमी, जास जास्ती’ असं म्हणा ना. म्हणजे पैसा येतो कमी, जातो जास्त. आणि तेच वाचलं गेलं.

मॅडम, ही बातमी आहे! मी ती अशी लावली असती:

‘पैसा येस कमी, जास जास्ती’
“वित्तीय तूट अहिराणीत कशी सांगायची यावर दुसऱ्या सत्राचे ६ विद्यार्थी अर्धा तास अडून बसले होते. १३ फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनासाठी त्यांनी ८ मिनिटांचं अहिराणी बातमीपत्र तयार केलं. १ फेब्रुवारीला संसदेत मांडलेला अर्थसंकल्प, धुळ्याच्या बाजारातले भाव आणि हवामान एवढाच मजकूर त्यात होता. साक्री तालुक्यातल्या विद्यार्थिनीनं सुचवलेलं वाक्य शेवटी सगळ्यांना पटलं.” त्याखाली सहाही जणांची पूर्ण नावं, गावासह. पाहुण्यांचं नाव शेवटच्या ओळीत.

शब्द जवळपास तेवढेच लागले. पण ज्या मुलीनं ते वाक्य सुचवलं तिच्या घरी हा अंक जपून ठेवला जाईल, आणि बारावीच्या मुलीला कळेल की या कॉलेजात बातमीपत्र बनवताना भाषेवर असं भांडतात. ‘संपन्न’, ‘उत्साहात’, ‘घवघवीत यश’, ‘मानाचा तुरा’, ‘मोलाचे मार्गदर्शन’ हे शब्द ३१ बातम्यांमधून काढून टाका. काढल्यावर काही बातम्यांत उरणारच नाही काही. त्या बातम्या वर्षभराच्या यादीत एका ओळीनं जाऊ द्या.

तुमच्या यादीत बक्षिसांच्या ११ बातम्या आहेत. विद्यापीठाचा युवक महोत्सव युवारंग, आविष्कार संशोधन स्पर्धा, निबंध, लघुपट, छायाचित्रण. बक्षीस मिळालं याचा आनंद मोठा आहे आणि तो छापलाच पाहिजे. पण बक्षीस ही परीक्षकांनी केलेली नोंद झाली. तुमच्या अंकाला त्यामागचं काम सांगता येतं, जे परीक्षकांनाही ठाऊक नसतं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात रावेर तालुक्यातली एक विद्यार्थिनी होती. तिनं केळीच्या कापणीवर १२ मिनिटांचं रेडिओ रूपक केलं. वडील दुसऱ्यांच्या बागांत घड कापायला जायचे. ती पहाटे त्यांच्याबरोबर गेली. कॉलेजकडे एकच रेकॉर्डर होता आणि तो त्या आठवड्यात दुसऱ्या गटाकडे, म्हणून तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून मोबाइलच्या खालच्या टोकाला सुती रुमाल गुंडाळला. कोयता घडाच्या दांड्यावर बसतो त्याचा एक ओला, बोथट आवाज असतो. तो तिला हवा होता आणि तो नीट मिळेपर्यंत ती ४ दिवस जात राहिली. घड गाडीत लावताना खाली केळीच्या पानांचा थर अंथरतात, त्या पानांची सळसळ तिच्या रूपकाच्या सुरुवातीला होती. मग सावद्याच्या रेल्वे स्टेशनवर दिल्लीकडे जाणारा माल भरताना हमालांची हाकाटी. रेकॉर्डिंग ऐकवायला आली तेव्हा तिच्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो डाग धुऊन जात नाही, हे आपल्याकडे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्या वर्षीच्या वार्तापत्रात तिच्या वाट्याला आली ती एक ओळ: ‘रेडिओ रूपक स्पर्धेत उत्तेजनार्थ पारितोषिक’. त्याच पानावर पहिलं बक्षीस मिळालेल्या वक्त्याचा तीन कॉलमी फोटो. मला ते तेव्हाही लागलं आणि आजही लागतं, कारण मी त्या अंकाच्या संपादन समितीत होतो आणि मी आग्रह धरला नाही. बक्षिसाच्या क्रमांकावरून जागा ठरवायची हा नियम आम्ही न बोलता पाळला. तुम्ही तो पाळू नका. कोणाच्या कामात सांगण्यासारखं काही आहे ते पाहा आणि त्याला अर्धं पान द्या, मग क्रमांक कुठलाही असो. उरलेल्या दहा बक्षिसांची एक चौकट करा: नाव, गाव, स्पर्धा, आयोजक, क्रमांक. चौकटीत विशेषणं नकोत.

आणि चौकटीतला शब्द न् शब्द तपासा. डेस्कवरच्या माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. एका कॉलेजची प्रेसनोट आली, त्यात एका मुलाचा विद्यापीठस्तरीय वक्तृत्व स्पर्धेत प्रथम क्रमांक लिहिला होता. आयोजकांना फोन न करता मी ती तशीच सोडली. मुलगा तिसरा आला होता. पारोळा तालुक्यात त्याच्या वडिलांनी स्टँडवरून ३० अंक विकत घेऊन नातेवाइकांत वाटले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शुद्धिपत्र छापावं लागलं. मुलगा काही दिवसांनी ऑफिसात आला. तो रागावला नव्हता, फक्त म्हणाला, ‘सर, आता तिसरा आलो हेसुद्धा कुणाला खरं वाटत नाही.’ तेव्हापासून आयोजकांच्या सहीचा निकाल हातात घेतल्याशिवाय मी कुठलाही क्रमांक छापला नाही.

तुमच्या यादीत अशा जागा मला चार दिसल्या. पहिली, ‘दोन विद्यार्थी नेट उत्तीर्ण’. २०२४ च्या जून सत्रापासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: संशोधन शिष्यवृत्ती अर्थात जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक पात्रता, नुसती सहायक प्राध्यापक पात्रता, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्रता. तिन्हींना सरसकट ‘उत्तीर्ण’ म्हटलं तर जेआरएफ मिळवलेल्या मुलाचं मोल कमी होतं आणि दुसऱ्याच्या घरी उगाच वेगळी अपेक्षा तयार होते. निकालपत्र पाहून गट लिहा. सेट, म्हणजे राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा असेल तर तसं स्पष्ट लिहा. ती परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, नेट एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते.

दुसरी, ‘यूजीसी केअर यादीतील नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध’. मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. निबंध त्याआधीचा असेल तर महिना-वर्ष द्या. नंतरचा असेल तर यादीचा उल्लेख काढा आणि निबंध कशावर आहे ते दोन वाक्यांत सांगा. ‘आयएसएसएन क्रमांक असलेल्या’ हे विशेषणही काढा. तो नियतकालिकाचा ओळख क्रमांक असतो, दर्जाचं प्रशस्तिपत्र नसतो.

तिसरी जागा नाजूक आहे. एका विद्यार्थ्याला ‘राष्ट्रीय युवा माध्यमरत्न’ धाटणीचा पुरस्कार मिळाल्याची बातमी आहे. नोंदणी शुल्क घेऊन प्रमाणपत्रं वाटणाऱ्या संस्था गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाल्यात. मुलाला एकट्याला बोलवा आणि प्रेमानं विचारा: प्रवेशिका किती होत्या, परीक्षक कोण होते, पैसे भरावे लागले का. पैसे भरून मिळाला असेल तर ती बातमी घेऊ नका आणि का घेत नाही ते त्याला समजावून सांगा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यानं हे आत्ता शिकणं फार गरजेचं आहे. उद्या तालुक्याच्या पानावर त्यालाच असल्या प्रेसनोट तपासाव्या लागणार आहेत.

चौथी, ‘पाच विद्यार्थ्यांची नामांकित माध्यमसमूहात निवड’. ही निवड कसली? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एमएच्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. ही पाच मुलं त्यासाठी जाणार असतील तर ‘प्रशिक्षणासाठी’ असं स्पष्ट छापा. नोकरी लागली असेल तर नियुक्तिपत्र पाहा. मानधनावरचा वार्ताहर हेही एक चांगलं सुरुवातीचं काम आहे, त्याला त्याच नावानं लिहिलं तर कमीपणा येत नाही.

जाता जाता शिष्यवृत्त्यांबद्दल. योजनेच्या नावावरून मुलाची जात किंवा घरचं उत्पन्न उघड होतं. छापण्याआधी त्याला विचारा. नको म्हणाला तर विषय संपला.

नावांकडे येतो, कारण खान्देशात इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पाटील, महाजन, चौधरी, पवार ही आडनावं एका वर्गात पाच-पाच असतात. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव, आडनाव, गाव, तालुका, एवढं असल्याशिवाय नाव छापू नका. गावांचंही तेच: वडगाव, पिंप्री, पिंपळगाव किती आहेत मोजा. अमळनेरचं ‘आमळनेर’ करू नका. धडगावच्या मुलाच्या तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी आहे, बोलताना सगळे धडगावच म्हणतात. दोन्हींपैकी एक ठरवा आणि अंकभर तेच ठेवा. मी वर्गात मुलांना स्वतःचं नाव आणि गाव स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहायला लावायचो आणि तो कागद पान लागेपर्यंत टेबलावर असायचा. शिक्षकानं हजेरीपटावरून नाव उतरवलं की हमखास चूक होते.

तीन जिल्हे, २५ तालुके. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं हे क्षेत्र. एक करून पाहा: तुमच्या ३१ बातम्यांत किती तालुके आले ते नकाशावर टिंबं देऊन बघा. मी केलं तेव्हा सहाच आले. अंकातली मुलं बहुतेक धुळे शहराची आणि जवळपासची आहेत. नवापूर, अक्कलकुवा, मुक्ताईनगर, बोदवड इथून येणारी मुलं वर्गात नक्की आहेत, पण ती स्पर्धेला नाव देत नाहीत, शिक्षकांच्या खोलीत येऊन स्वतःचं काम सांगत नाहीत. बातमी तुमच्याकडे चालत येईल याची वाट पाहिलीत तर ती सुटतात. बीटवर फिरणाऱ्या बातमीदारासारखं त्यांच्यापर्यंत जावं लागतं. संकलनाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत कोण बसतं, कॅमेरा कोण परत आणून देतं, दुसऱ्यांच्या लघुपटाला आवाज कोण देतं, ते शिपाईमामांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

आणि ऋतूच तुम्हाला बातम्या देतो. आपल्याकडचा वसंत आखूड. सातपुड्यात पळस फुलतो, फागुनाचे दिवस येतात आणि मार्च सरतो न सरतो तोच भुसावळचं तापमान बातमीत यायला लागतं. या तीन महिन्यांत गहू-हरभरा निघतो, कधी गारपीट होते, महापालिका आणि जिल्हा परिषदांचे अर्थसंकल्प मांडले जातात. तुमच्या मुलांनी यातलं काय टिपलं? २०२४ च्या २ ते ४ फेब्रुवारीला अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही तिथेच भरलं. मी तेव्हा पाहिलं, काही मुलं एका मांडवातून निघून दुसऱ्या मांडवात जात होती आणि दोन्हीकडची भाषणं एकाच वहीत उतरवून घेत होती. एकाच गावात दोन व्यासपीठं, दोन्हीकडे मराठीचीच चिंता, पण मांडणी वेगळी. कुठल्याही वर्गात बसून हा धडा मिळाला नसता. अशा वेळी मुलांच्या वहीचं एक पान फोटो काढून अंकात छापा. त्यातली खाडाखोड तशीच राहू द्या.

होळीचं जरा जपून. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला दर वर्षी कॅमेरे घेऊन लोक लोटतात. रात्रभर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेच्या माळा, अंगावरची नक्षी, सगळंच डोळ्यांत भरतं. म्हणून मुलं तिथे धावतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. ज्यांनी व्रत घेतलेलं असतं त्यांना त्या दिवसांत काही नियम पाळावे लागतात, आणि तोंडासमोर लेन्स धरणाऱ्याला ते सांगत बसायला त्यांना वेळ नसतो. तुमच्या वर्गात त्या भागातली मुलं असतील तर युनिटचं नेतृत्व त्यांच्याकडे द्या. कोणत्या क्षणी कॅमेरा खाली ठेवायचा हे त्यांना कळतं. अंकात त्यांचे चार फोटो आणि प्रत्येकाखाली त्यांनीच लिहिलेली फोटोओळ, एवढं पुरे. मोठा लेख नको.

फोटोंचं म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या ४० पैकी ३३ फोटोंत रांगेत उभे राहिलेले लोक आहेत. प्रमाणपत्र धरलेले, शाल पांघरलेले, दीपप्रज्वलन करणारे. असे दोन ठेवा. बाकी जागा कामाच्या फोटोंना द्या: बूम माइक धरून दुखणारा हात झटकणारा मुलगा, वायरींचं वेटोळं घालणारी मुलगी, संकलनाच्या पडद्यावर खिळलेले दोन चेहरे. फोटोओळीत ‘डावीकडून’ म्हणून नावं द्या आणि कॅमेरामनचं नाव विसरू नका. माध्यमाच्या कॉलेजच्या अंकात छायाचित्रकाराचं नाव नसणं मला अजिबात पटत नाही.

भाषेबद्दल तुम्ही काळजीनं विचारलंत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवायचे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक. साप्ताहिकाच्या संपादकाची सुरुवात वसतिगृहातल्या पोरांसाठी हातानं लिहिलेल्या कागदापासून झाली, आणि तीही आपल्याच मातीत. तुमच्या ८ पानांचं नातं मी त्या कागदाशी जोडतो. मुलांशी हे वार्तापत्र जवळच्या माणसाच्या भाषेत बोललं पाहिजे. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आला’ असं लिहिलं की माणूस हरवतो; कोणी केलं, कोणाला दिलं, तसं लिहा.

अहिराणीचं पान वेगळं काढून ‘बोलीभाषा विशेष’ असा फलक लावू नका. जिथे माणूस अहिराणीत बोलला तिथे त्याचं वाक्य अहिराणीतच ठेवा, बाकी मजकूर साध्या मराठीत असू द्या. ज्या बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला आहे त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी टिपून ठेवल्या, त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी त्या जपल्या, आणि टिपताना बोली शुद्ध करायचा आगाऊपणा केला नाही, म्हणून त्या आज आपल्या हातात आहेत. तुमचे विद्यार्थी भिली, पावरी, मावची, लेवा, गुजर बोलणाऱ्या घरांतूनही येतात. त्यांचं वाक्य छापताना त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा आणि ते म्हणतील तसंच लिहा.

घरी वाचणारं कोणी नसेल तर? हा प्रश्न मला फार छळायचा. मग एका वर्षी आम्ही अंकातल्या पाच बातम्या मुलांच्याच आवाजात रेकॉर्ड केल्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या, आणि घरच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या. ज्याला जी बोली येते त्या बोलीत. शिंदखेडा तालुक्यातल्या एका आईनं तो आवाज शेजारणींना ऐकवत सांगितलं, ‘मनी पोर बोली ऱ्हायनी.’ माझी पोर बोलतेय. त्या मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला पुढे बोलता येईना. यासाठी खर्च शून्य येतो. एक शांत खोली, पंखा बंद, मोबाइल तोंडापासून एक वीत लांब, एवढंच.

राहिला वरिष्ठांचा आणि पाहुण्यांचा प्रश्न. त्यांची नावं वगळली तर तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल, हे मी जाणतो. शेवटच्या पानावर ‘सत्रातले पाहुणे’ अशी एक नेटकी यादी करा: तारीख, नाव, विषय. प्राचार्यांना आधीच दाखवा. पहिल्या पानावर मनोगताऐवजी त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या कामाबद्दल १५० शब्द लिहावेत अशी विनंती करा. मी ज्यांना ज्यांना असं विचारलं त्यांनी आनंदानं लिहिलं, कारण तसं त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

वर्तमानपत्रांना पाठवताना पीडीएफ पाठवू नका. उपसंपादकाला तो मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो आणि गर्दीच्या वेळी तो करत नाही. एकेक बातमी स्वतंत्र, युनिकोडमध्ये, मेलच्या किंवा मेसेजच्या अंगातच द्या. जुन्या फाँटमधून रूपांतर केलं असेल तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि रफार पुन्हा डोळ्यांखालून घाला, तिथे अक्षरं मोडतात. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर छापायला फुटतो. वेळ दुपारची ठेवा, संध्याकाळी पानं लागायला लागली की कोणाचं लक्ष नसतं. आणि ३१ बातम्या एकाच दिवशी पाठवू नका. आठवड्याला एक, ज्या तालुक्याची त्या तालुक्याच्या वार्ताहराला.

अंक कधी काढायचा, तर परीक्षांच्या धावपळीआधी छपाईला द्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी हातात येऊ द्या. आखाजीला पोरी माहेरी येतात, वसतिगृहातली मुलं गावी जातात, झोके बांधलेले असतात, घरात माणसं जमलेली असतात. प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन प्रती घाला, एक घरासाठी आणि एक गावच्या शाळेसाठी. रावेरच्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे अजून आहे; तिच्या रूपकावरचं पान मी या वर्षी लिहून देतो, जागा असेल तर लावा.